कडेच्या पट्ट्या

२ एप्रिल

व्याहीबुवा,

नमस्कार. तुमच्या पत्राची वाट पाहून कंटाळलो, म्हणून मीच लिहायला बसलो. हल्ली कंटाळा सगळ्याचाच येतो. सकाळी सातला स्टेडियमचं फाटक उघडतो, तेव्हाच दिवस संपल्यासारखा वाटतो. या महिन्यात अठ्ठावन्न पुरी होतील. गुडघे माझ्याआधीच निवृत्त झालेत.

२८ तारखेच्या मॅचपायी इथे कोणाचं डोकं ठिकाणावर नाही. तुमचा देश आणि आमचा देश, आणि पात्रता फेरीतली शेवटची मॅच. तुम्हाला बरोबरी पुरते, आम्हाला जिंकावंच लागणार. पेपरात रोज नवा तज्ज्ञ उगवतो. एकाने लिहिलं, सगळं तुमच्या हरणावर अवलंबून आहे. तुमचा तो कडेने पळणारा बारकेला पोरगा, त्याला आता आमच्याकडेही हरीणच म्हणतात. दुसऱ्या दिवशी दुसऱ्याने लिहिलं, हरणाचं काही खरं नाही, जो मधली फळी जिंकेल तोच मॅच जिंकेल. न्हावी विचारतो, दूधवाला विचारतो, परवा गुडघे दाखवायला गेलो तर डॉक्टरही स्टेथोस्कोप बाजूला ठेवून विचारतो, "काय, काय होणार?" जसा काही मी रोज गवताला कान लावून ऐकून येतो.

मला खेळाडू कळतात ते त्यांनी मागे ठेवलेल्या खुणांवरून. आमच्या कर्णधाराला सगळे दादा म्हणतात. दोन वर्षांपूर्वीपर्यंत तो चवड्यावर वळायचा, पातंही तुटायचं नाही. आता टाचेवर वळतो. सराव संपला की मधल्या वर्तुळापाशी टाचेचे खड्डे भरत बसतो मी. आमचा गोलकीपर घाबरला की बुटाने रेघ ओढतो. गेला आठवडाभर गोलसमोर रेघाच रेघा आहेत. हे मी कुठल्या पेपरला सांगू?

घड्याळाखालच्या कोपऱ्यात बुरशीचे गोल डाग पडलेत, बशीएवढे. काय करावं? आठ वर्षांपूर्वी गवताच्या त्या प्रशिक्षणात आपण एका बाकावर बसलो नसतो, तर ना पोरांची सोयरीक झाली असती, ना मला बुरशीचं विचारायला माणूस मिळाला असता. तुमचं मैदान कसं आहे? ऑक्टोबरमध्ये तुमच्याकडे झालेल्या आपल्या त्या १-१ बरोबरीनंतर तुम्ही मैदानाबद्दल चकार शब्द लिहिलेला नाही.

पोरीची पत्रं हल्ली अर्ध्या पानाची येतात. "सगळे बरे आहेत" आणि खाली सही. आई तिची तेवढ्यावर समाधान मानते. मला जरा चुकल्यासारखं वाटतं. तुम्हीच कळवा.

तुमचा,
व्याही


७ एप्रिल

व्याही,

नमस्कार. पत्र पोचलं. कामाच्या व्यापात उत्तर राहून गेलं.

बुरशीचं सांगतो. सकाळचं दव गवतावर बसू देऊ नका. लांब बांबू आडवा धरून गवतावरून ओढत न्या, दव झडतं. संध्याकाळी पाणी अजिबात देऊ नका. पहाटे द्या, म्हणजे दिवसभरात पातं वाळतं. खत पंधरा दिवस बंद. औषधाची घाई नको.

माझं मैदान ठीक आहे. लिहिण्यासारखं विशेष नाही.

सूनबाई बरी आहे. दवाखान्याच्या औषधखिडकीवर दिवसभर उभं राहायचं म्हणजे पाय दुखणारच. खिडकीवरचे लोक हल्ली तिला औषधाबरोबर मॅचचं विचारतात, तू कोणाकडून? ती म्हणते, मी खोकल्याच्या औषधाकडून.

हरणाला मी तो सोळाचा असल्यापासून पाहतो आहे. त्याच्या पायाखाली गवत वाकतं आणि पुन्हा उभं राहतं. तज्ज्ञांना काय वाटतं मला माहीत नाही.

एक विचारायचं होतं. तुमच्या कडेच्या पट्ट्यांचा निचरा आता कसा आहे? पाण्याच्या टाकीकडच्या बाजूला पूर्वी पाणी साचायचं. तुम्ही तिथे चर खणणार होतात. खणले का? किती खोल? सविस्तर लिहा.

तुमचा,
व्याही


११ एप्रिल

व्याही,

तुमचं पत्र काल मिळालं. बांबू फिरवतो आहे.

मंगळवारी आमच्या फुटबॉल संघटनेचे सचिव आणि संघाचे प्रशिक्षक मैदानावर येऊन गेले. तासभर फिरले. काय बोलणं झालं ते लिहिता येत नाही. मैदानाबद्दल एक अक्षरही बाहेर जाता कामा नये, असं बजावून गेले. निघताना सचिवांनी गाडीची काच खाली केली आणि म्हणाले, "तुमची मुलगी तिकडेच दिलीय ना?" मी हो म्हटलं. ते "अच्छा" म्हणाले आणि काच वर गेली.

दुसऱ्याच दिवशी तुमचं पत्र. त्यात नेमकं कडेच्या पट्ट्यांचं विचारलेलं. निचरा कसा, चर किती खोल, सविस्तर लिहा.

व्याही, आपलं नातं आहे म्हणून सरळ विचारतो. हे तुम्हाला कोणी विचारायला सांगितलं? सहा महिने तुम्ही मैदानाचं नाव काढलं नाहीत आणि आज मॅचच्या तोंडावर तुम्हाला माझ्या चरांची आठवण आली. मी म्हातारा झालोय, पण दूधखुळा नाही. माझी दोन वर्षं राहिलीत. ती मला धडपणे काढू द्या.

पोरीला आशीर्वाद.


१५ एप्रिल

बाबा,

नमस्कार. हे पत्र मी दवाखान्यातून लिहिते आहे, जेवणाच्या सुट्टीत. घरी लिहिलं असतं तर अर्धं पानच झालं असतं.

परवा तुमचं पत्र आलं. इकडच्या बाबांनी ते वाचलं, घडी केली, पुन्हा उघडलं आणि टेबलावर तसंच ठेवून गॅलरीत जाऊन उभे राहिले. म्हणून मलाही वाचता आलं. जेवायला बसले आणि पोळीचा एकेक तुकडा मोडत राहिले. सासूबाईंनी विचारलं, "काय झालं?" तर म्हणाले, "काही नाही, बुरशीचं विचारलंय."

बाबा, त्यांना कोणी काही विचारायला सांगितलेलं नाही. त्यांना विचारणारं कोणी राहिलेलंच नाही. नोव्हेंबरमध्ये त्यांना कामावरून काढलं. ऑक्टोबरच्या मॅचमध्ये पेनल्टी मारताना इकडचाच खेळाडू घसरून पडला, आठवतं ना? गोलसमोर चिखल होता. चौकशी बसली आणि ठपका यांच्यावर आला. पेपरात नाव छापून आलं नाही एवढंच.

तुम्हाला कळू द्यायचं नाही असं त्यांनी माझ्याकडून वचन घेतलं होतं. म्हणाले, "व्याह्यांसमोर मान खाली जायला नको." म्हणून मी काहीच लिहीत नव्हते. थोडं लिहायला गेले असते तर सगळंच लिहिलं गेलं असतं.

रोज सकाळी सातला ते डबा घेऊन निघतात, पूर्वीसारखेच. शेजाऱ्यांना वाटतं कामावर जातात. ते दोन वस्त्या ओलांडून एका बागेत जातात आणि तिथल्या हिरवळीतलं तण उपटत बसतात. मी एकदा लवकर सुटले तेव्हा कुंपणाबाहेरून पाहिलं. बागेचा चौकीदार त्यांना पगारी माणूस समजत असावा, कारण तो त्यांना नळ बंद करायला सांगत होता आणि ते उठून बंद करत होते. मी हाक मारली नाही.

तुमच्या चरांचं त्यांनी विचारलं, कारण त्यांना गवताबद्दल कोणाशी तरी बोलायचं होतं. आणखी कोणाशी बोलणार?

मी हे सांगितलं असं लिहू नका. बाकी काय लिहायचं ते तुम्ही ठरवा. खिडकी उघडायची वेळ झाली.

तुमची,
लेक


१८ एप्रिल

व्याहीबुवा,

आधी माफी मागतो. मागच्या पत्रात जे लिहिलं ते लिहायला नको होतं. कामाचा ताण, सचिवांचं ते बोलणं, वगैरे कारणं देता येतील. पण तुमचं अक्षर ओळखीचं असून मी तुम्हाला ओळखलं नाही, हे खरं. मनात राग असेल तर तो रास्त आहे.

चरांचं सांगतो. टाकीच्या बाजूला तीन चर खणले, दीड हात खोल, खाली खडी. पाणी आता तासाभरात उतरतं. निदान उतरायचं. आता पुढचं ऐका, कारण हे मी आजवर हिलाही सांगितलेलं नाही.

त्या मंगळवारी सचिव मला म्हणाले, "त्यांचा सगळा खेळ कडेने आहे. आपला मधून. कडेच्या दोन्ही पट्ट्या, दहा-दहा पावलं रुंद, मऊ करून टाका. मॅचआधी दहा दिवस रोज संध्याकाळी नळी सोडा. आणि तिथलं गवत कापू नका."

मी म्हटलं, "साहेब, मुळं कुजतील. आणि पाय रुतला की गुडघा जातो माणसाचा."

प्रशिक्षक खाली बघत होते. सचिव म्हणाले, "हरणाचे पाय जड झाले पाहिजेत. बाकी तुम्ही बघा."

चरांची तोंडं पोत्यांनी बुजवून काल संध्याकाळी मी पहिल्यांदा नळी सोडली. स्टँडच्या पायरीवर बसून बघत होतो. चाळीस वर्षं मी त्या मैदानातून पाणी काढण्यात घालवली, आणि आता हे. घरी आलो, जेवलो नाही.

हे तुम्हाला का लिहितोय? तुम्ही जाब मागितला नाहीत म्हणून असेल. किंवा सांगायला दुसरं कोणी नाही म्हणून. हे पत्र तुमच्या हातात आहे. तुमच्या तिकडच्या संघटनेला याचा उपयोग होईल, आणि त्यातून तुमचं काही भलं होणार असेल, तर माझी हरकत नाही. मनापासून सांगतो. मी थकलोय, व्याही. मला आता या पत्राचं काहीही झालं तरी चालेल.

तुम्ही माझ्या जागी असता तर काय केलं असतं?


२२ एप्रिल

व्याही,

हे पत्र जलद टपालाने पाठवतो आहे. वेळ कमी आहे.

तुमचं पत्र शनिवारी मिळालं. "त्यातून तुमचं काही भलं होणार असेल" हे वाक्य वाचलं आणि सूनबाईने तुम्हाला सगळं सांगितलं हे मला कळलं. मी तिला काही बोललो नाही. बरंच झालं. एवढे महिने डबा घेऊन फिरणं सोपं नव्हतं.

आज सोमवार. सकाळी डबा घेतला, पण बागेत गेलो नाही. आमच्या संघटनेच्या कार्यालयात गेलो. तुमचं पत्र खिशात होतं. बाहेरच्या बाकावर दीड तास बसलो. आतमध्ये २८ तारखेची बैठक चालू होती. हरीण डावीकडून खेळवायचा की उजवीकडून, यावर आवाज चढत होते. मला माहीत होतं की या पत्राची एक घडी उघडली, तर उद्यापासून मी कामावर. कदाचित सत्कारसुद्धा. खोटं कशाला सांगू, दीड तास मी तेच मनात घोळवत होतो. बोलायची वाक्यंसुद्धा जुळवली होती.

मग कारकुनाने बोलावलं. "काय काम आहे?"

मी म्हटलं, "माझे रबरी बूट कोठीत राहिलेत. तेवढे द्या."

त्याने शोधून आणून दिले. पावतीवर सही घेतली. ते बूट घेऊन मी पायी घरी आलो. तुमचं पत्र चुलीत घातलं.

आता तुमच्या प्रश्नाचं उत्तर. तुमच्या जागी मी होतो. मी काय केलं ते सांगतो.

ऑक्टोबरमध्ये आमच्या लोकांनी मला हेच सांगितलं होतं. दुसऱ्या अर्ध्यात तुमचा संघ ज्या गोलवर चाल करणार, त्या गोलसमोर पाणी सोडायचं. मी सोडलं. का कू केली नाही. पस्तीस वर्षांची नोकरी, साहेबाचा शब्द. पण बाजू ठरतात नाणेफेकीवर. आमचा कर्णधार नाणेफेक हरला आणि बाजू उलट्या झाल्या. दुसऱ्या अर्ध्यात त्या चिखलावर आमचेच लोक चाल करून गेले. पेनल्टी मिळाली, आमचा मुलगा धावत आला आणि त्याचा टेकलेला पाय सरकला. तो पडला तो आवाज मला रेषेबाहेर ऐकू आला. घोट्याचं हाड मोडलं. आता तो खेळत नाही, काठी घेऊन चालतो. हे पेपरात फारसं आलं नाही, कारण सगळ्यांना चेंडू कुठे गेला याचंच पडलं होतं.

चौकशीत ज्यांनी सांगितलं होतं तेच समोरच्या खुर्च्यांवर बसले होते. त्यांनी मला विचारलं, "गोलसमोर पाणी कसं आलं?" मी त्यांच्या तोंडाकडे बघत राहिलो. त्यांनी लिहून घेतलं, समाधानकारक उत्तर दिलं नाही.

काढलं याचं दुःख आहेच. पण मी त्या मुलाला भेटायला गेलो नाही, ते जास्त सलतं.

पाणी बंद करा. पोती काढा. बागेच्या लोखंडी काट्याने हातभर अंतरावर भोकं पाडा, जाड वाळू टाका, ऊन असेल तर तीन दिवसांत पट्ट्या घट्ट होतील. गवत दोन वेळा कापा, एकदम खाली नेऊ नका. आमच्या हरणासाठी सांगत नाही. तुमचा जो कोणी त्याच्यामागे पळणार आहे, त्याचेही पाय त्याच चिखलात असतील.

यानंतर तुमच्यावर काय येईल ते मी सांगू शकत नाही. काहीतरी येईल.


२७ एप्रिल, शनिवार

व्याहीबुवा,

तुमचं पत्र बुधवारी दुपारी मिळालं. मैदानावरच वाचलं. वाचून पायरीवर तसाच बसून राहिलो. मग उठलो आणि पोती काढली. सात दिवसांचं पाणी होतं, गुळण्या टाकल्यासारखं चरातून बाहेर आलं.

गुरुवारी सकाळपासून भोकं पाडायला घेतली. माझे दोघे सोबती रजेवर, एकाला ताप, एकाच्या घरी लग्न. दुपारी ही डबा घेऊन आली. मला ओणवं पाहून म्हणाली, "सरका, हा काटा इकडे द्या. तुमच्या गुडघ्यांनी हे उद्यापर्यंत होणार नाही." मी म्हटलं, "अगं, हे गुपचूप चाललंय." ती म्हणाली, "मग बोलताय कशाला?" दोघांनी मिळून संध्याकाळपर्यंत टाकीकडची बाजू संपवली, शुक्रवारी दुपारपर्यंत दुसरी. का करतोय हे तिने मला अजून विचारलेलं नाही. बहुतेक तिला मी झोपेत सांगून टाकलं असावं.

काल चारला सचिव आले. ते येणार हे ठाऊक होतं, म्हणून फाटकापासून पहिले पाच-सहा हात नळीने भिजवून ठेवले होते. ते तिथेच उभे राहिले. छत्रीचं टोक खुपसून पाहिलं.

"व्यवस्थित आहे ना सगळीकडे?"

"आहे."

बुटांना चिखल लागला, तो त्यांनी पायरीवर घासला, मान डोलावली आणि गेले. पुढे जाऊन पाहण्याएवढा चिखल त्यांना सोसला नसता, हे मला बावीस वर्षांच्या अनुभवाने माहीत होतं. तरी त्यांची गाडी वळेपर्यंत मी फाटक धरून उभा होतो. या वयात खोटं बोलायला लागलो.

आज सकाळी रेषा मारल्या. दोन्ही संघ अर्धा-अर्धा तास येऊन गेले. हरीण आला, कडेने दोनदा पळाला, मग थांबून खाली गवताकडे पाहिलं आणि हसला. माझ्याकडे पाहिलं की नाही माहीत नाही.

तुम्ही कधी विचारलं नाहीत, तरी उद्याचं माझं मत लिहून ठेवतो. आमचे दमलेले आहेत. दादाचे टाचेचे खड्डे आज आणखी खोल होते. गोलकीपरने रेघा ओढल्या नाहीत, त्यामुळे तो ठीक असावा. आमच्या उजव्या बॅकला, ज्याला सगळे मांजर म्हणतात, हरणाच्या मागे नव्वद मिनिटं पळायचं आहे, आणि ते पोरगं एकवीस वर्षांचं आहे, पळेल. आम्ही जिंकावं असं मला वाटतं. तुम्हाला वाचून हसू येईल, पण सकाळपासून मनात तेच आहे. पट्ट्या सुकवल्या त्या मीच, आणि जिंकावं असं वाटणाराही मीच.

मैदान मात्र छान झालंय. ओलं नाही, कडक नाही. दाबलं की दबतं, सोडलं की वर येतं.


३० एप्रिल

व्याहीबुवा,

तुम्ही रेडिओवर ऐकलंच असेल. हरलो. एक-शून्य.

मी फाटकाजवळ रोलरला टेकून उभा होतो. अठ्ठ्याहत्तराव्या मिनिटापर्यंत आमचेच लोक चाल करत होते. दादाचा एक हेडर खांबाला लागून परत आला. मग तुमच्या बॅकने लांब चेंडू मारला, टाकीच्या बाजूने. मला वाटलं बाहेर जाणार. हरणालाही क्षणभर तसंच वाटलं असावं. मग तो धावला. मांजर त्याच्या खांद्याला खांदा लावून धावत होतं. चेंडू रेषेवर थांबल्यासारखा झाला आणि हरणाने तो पायाच्या टोकाने आत वळवला. बाकीचं तुम्हाला माहीत आहे. स्टेडियम असं गप्प झालं की मला झेंड्याच्या दोरीचा आवाज ऐकू येत होता. मी रोलरवर बसलो.

असं पळणं मी याआधी पाहिलेलं नाही. हे इथे कोणाला सांगण्याची सोय नाही.

खरा घोळ सोमवारी झाला, तोही तुमच्या प्रशिक्षकांनी केला. त्यांनी पत्रकारांना सांगितलं, "आम्हाला वाटलं होतं कडा ओल्या मिळतील. पण इतकं नीट राखलेलं मैदान आम्हाला आमच्या घरीसुद्धा मिळत नाही. मैदान सांभाळणाऱ्यांचे आभार." बापड्याने चांगल्या मनाने म्हटलं असेल. सगळ्या पेपरांत चौकटीत छापून आलं.

आज सकाळी अकराला बोलावणं आलं. टेबलावर पेपर होता.

सचिव म्हणाले, "वाचलंत?"

"वाचलं."

"पाणी टाकलं होतं ना?"

"सात दिवस टाकलं. मग बंद केलं."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

मी म्हटलं, "माझ्याच."

त्यांनी पेपरची घडी केली. मग म्हणाले, "लोक काय म्हणतील माहीत आहे? मुलगी तिकडे दिली म्हणून केलं म्हणतील." मी म्हटलं, "म्हणू द्या." प्रशिक्षक खिडकीपाशी उभे होते, ते वळून म्हणाले, "माझ्या पोरांपैकी एकाचाही पाय मुरगळला नाही, हे तरी लिहून ठेवा." सचिवांनी ते लिहिलं नाही. मला उद्यापासून येऊ नका म्हणाले.

हे लगेच कळवतोय. लपवायची ताकद नाही, आणि तुम्ही लपवून पाहिलंतच.

घरी आलो तर गल्लीच्या तोंडाशी न्हाव्याने मला पाहून कात्री खाली ठेवली आणि आत निघून गेला. बातमी माझ्याआधी पोचली होती. हिने पाणी दिलं, समोर बसली.

एकच विचारायचं आहे आणि ते तुम्हालाच विचारता येईल. माझ्यामुळे हरलो का आम्ही? हिला विचारलं तर ती नाही म्हणते. ती नाहीच म्हणणार.


४ मे

व्याही,

पत्र मिळालं. दोनदा वाचलं.

तुम्ही विचारलंत त्याचं सरळ उत्तर देतो. हो, थोडं तुमच्यामुळे. पट्टी ओली असती तर तो चेंडू चिखलात मेला असता, किंवा हरीण दोन पावलं उशिरा पोचला असता. रेडिओवर ऐकतानाही मला ते कळलं. तुम्हाला बरं वाटावं म्हणून मी नाही म्हटलं, तर पुढच्या वेळी माझं गवताबद्दलचं बोलणंही तुम्ही खरं मानणार नाही.

आणि मांजर आज दोन्ही पायांवर चालतं आहे, तेही थोडं तुमच्यामुळे. त्याचं श्रेय तुम्हाला कोणी देणार नाही. त्यालाही ते माहीत नाही. दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि दोन्ही तुम्हाला बाळगाव्या लागतील. हलकं होत नाही हे. सवय होते, असं मी ऐकलंय. अजून झालेली नाही.

त्या दिवशी इकडे रस्त्यावर लोक नाचत होते. शेजारी दार वाजवून म्हणाले, "चला की, तुमच्या खात्याची मॅच." मी म्हटलं, "माझं खातं नोव्हेंबरमध्ये सुटलं." असं अचानक निघून गेलं तोंडातून. ते दारात उभे राहिले, मग आत येऊन बसले. सूनबाईने चहा केला. त्यांनी विचारलं, "मग रोज सकाळी जाता कुठे?" मी सांगितलं. ते हसले नाहीत. म्हणाले, "त्या बागेतली हिरवळ सुधारलीय खरी. आमची बायको म्हणत होती."

बुधवारी मी त्या मुलाकडे गेलो, ऑक्टोबरमध्ये पडला होता त्याच्याकडे. तो एका गोदामात नोंदी ठेवतो आता. मी कोण ते सांगितलं, पाणी मी सोडलं होतं हेही सांगितलं. त्याने समोरची नोंदवही मिटली. मग म्हणाला, "काका, मला वाटत होतं माझंच काहीतरी चुकलं. रोज रात्री तो पाय मी परत टाकून बघतो." आम्ही तासभर बसलो. माफ केलं असं तो म्हणाला नाही आणि मी माफी मागितलीही नाही. निघताना फाटकापर्यंत पोचवायला आला, काठी टेकत.

तुम्ही पत्रं लिहिलीत म्हणून मी गेलो. नाहीतर गेलो नसतो.

विहीणबाईंना घेऊन इकडे या. महिनाभर राहा. लेक तुमची वाट पाहते आहे, तसं ती स्वतः लिहीलच, आता पानभर लिहिते. तुमचे गुडघे आणि माझी कंबर मिळून एक धड माणूस होईल, त्याला घेऊन बागेत जाऊ. गवताबद्दल बोलायचं नाही, अशी अट घालणार होतो. पण मग दोघांनी महिनाभर करायचं काय?

तुमचा,
व्याही